सात नंबरची डिश खरं बोलत होती

मेधा, तुझ्या तेराव्याला दिलीपरावांनी बुंदीचे लाडू सांगितले होते. पद्धतच आहे, तेराव्याला गोडाचं करायचं आणि घर पुन्हा चालू करायचं. माझ्या पानात लाडू पडला आणि मी नुसती त्याच्याकडे बघत बसले. शेजारी तुझ्या नणंदबाई होत्या. म्हणाल्या, "घ्या हो शुभाताई, मेधाला फार आवडायचे." मला वाटलं, उठावं आणि ते ताट उचलून अंगणात भिरकावून द्यावं. आवडायचे! माझ्याच हातचे खाल्लेस ना गं इतकी वर्षं? बेसनाचे, रव्याचे, संक्रांतीला तिळाच्या वड्या, थंडीत मुरारच्या बाजारातून आणलेली तिळगुळाची गजक. दर गुरुवारी माझ्या डब्यातलं निम्मं गोड तुझं. "आण इकडे शुभा, मिठाई में तो तेरा हाथ चलता है यार," म्हणायचीस आणि बोटं चाटत खायचीस. मी मूर्खासारखी खूश व्हायचे.

नऊ वर्षं तुला डायबिटीस होता. नऊ वर्षं! आणि मी, तुझ्याच लॅबमध्ये वर्षानुवर्षं साखर मोजलेली बाई, तुला लाडू भरवत होते.

लॅबमध्ये तू मुख्य आणि मी टेक्निशियन. विद्यार्थ्यांसमोर मी तुला "मॅडम" म्हणायचे आणि दार लागलं की "मेधे". वीस वर्षांत एकही गोष्ट मी तुझ्यापासून लपवली नाही. माझ्या नवऱ्याचं पिणं, माझं सासूशी भांडण, माझ्या अंगावरून किती जातंय, सगळं. मला वाटायचं, तुझंही सगळं मला ठाऊक आहे.

आता दिलीपरावांनी मला हात जोडून सांगितलंय, "शुभाताई, जुईला यातलं काही कळता कामा नये. तिचं लग्न ठरत आलंय. मेधाचीच तशी इच्छा होती." म्हणजे कमाल आहे तुझी. जिवंत असताना माझ्याशी खोटं बोललीस ते बोललीस, आता गेल्यावर मला तुझ्या पोरीशी खोटं बोलायला लावणार? तीन-तीन महिने पाळी न येणारी तुझी पोर. हनुवटीवरचे केस काढायला महिन्यातून दोनदा पार्लरमध्ये जाणारी तुझी पोर. याचा साखरेशी काय संबंध असू शकतो, हे मला तूच शिकवलंस ना?

मला तो मंगळवार सोडत नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. तू खुर्चीवर बसलीस आणि घामानं ब्लाउज भिजला. म्हणालीस, "ॲसिडिटी आहे गं, जबडा दुखतोय." मी म्हटलं, बीपी उतरलंय. धावत जाऊन लिंबू सरबत केलं, त्यात चार चमचे साखर घातली, आणि तुला दटावून प्यायला लावलं. तू प्यायलीस. माझ्याकडे बघत, एक शब्द न बोलता, सगळा ग्लास प्यायलीस. तिथेच म्हणायचं होतंस ना गं, "शुभा, मला साखर चालत नाही."

कंपू भागातल्या हॉस्पिटलात तो तरुण डॉक्टर बाहेर आला, "हार्ट अटॅक है" म्हणाला आणि त्यानं विचारलं, "शुगर कब से है इनको?" मी म्हटलं, "शुगर नहीं है डॉक्टर साहब. मैं बीस साल से साथ हूँ." किती ठासून म्हटलं मी ते! माझ्या मागून दिलीपराव हळूच म्हणाले, "है. नौ साल से." डॉक्टरनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि आत निघून गेला. मी तिथे बाकावर बसले. तू अजून जिवंत होतीस आणि मला तुझा एवढा राग आला होता की तू वाचावीस म्हणून देवाचं नावसुद्धा घ्यायचं राहून गेलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

दिलीपरावांनी मग एकेक सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी तू महिनाभर इंदूरला बहिणीकडे गेली होतीस, तिच्या बाळंतपणासाठी म्हणून. बाळंतपण कुठलं! तुझ्या ओव्हरीवर गाठ होती. पिशवी काढली, दोन्ही ओव्हरी काढल्या. त्यानंतर दोन वर्षांनी साखर निघाली. ग्वाल्हेरमध्ये कोणी ओळखेल म्हणून डॉक्टर झाशीचा केलास. आणि मला काय सांगायचीस? "कुलदेवीला जातेय." तू, जी सत्यनारायणाच्या प्रसादावरून माझी टिंगल करायचीस! मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं, मेधा आताशा देवाधर्माला लागली हो. शेवटची दोन वर्षं तर झाशीही बंद होती, गोळ्याही बंद. दिलीपराव म्हणाले, "ती म्हणायची, मला माहितेय माझं शरीर."

आणि ते पॅडचं. ऑपरेशननंतर कितीतरी वर्षं तू माझ्या कपाटातून पॅड मागून न्यायचीस. "शुभा, है क्या एक? अचानक आली बघ." अगं, कशाला? कोण तुझी पाळी तपासायला येणार होतं? ते पॅड तू कुठे टाकायचीस, कचऱ्यात? मला हे आठवलं की आधी हसू येतं, मग अंगाचा तिळपापड होतो.

का लपवलंस, ते मला दिलीपरावांनी नाही सांगितलं. ते माझं मला कळलं. त्या ऑपरेशनच्या दोन महिने आधी तू आपल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये बायकांसमोर भाषण केलं होतंस. हळदीकुंकवाला जमलेल्या साठ-सत्तर बायका आणि तू माइक घेऊन उभी. "आपलं लिव्हर नुसतं अन्न पचवायला नाही बरं का. आपण उपाशी असलो की ते स्वतः साखर तयार करतं आणि रक्तात सोडतं. जेवलो की इन्सुलिन येऊन त्याला सांगतं, बस झालं आता. आणि आपल्या ओव्हरीत तयार होणारं बायकी हार्मोन, इस्ट्रोजेन, काय करतं? लिव्हरला तो हुकूम नीट ऐकू येईल असं बघतं. इस्ट्रोजेन गेलं की लिव्हर ऐकून न ऐकल्यासारखं करायला लागतं, नवऱ्यासारखं." काय हसल्या होत्या बायका. मग तू म्हणालीस, पुरुषी हार्मोन बाईच्या अंगात वाढलं तरी लिव्हर असंच हट्टी होतं, आणि गंमत म्हणजे पुरुषाच्या अंगात तेच हार्मोन घटलं की त्याचंही तसंच. शेवटी बोट उगारून म्हणालीस, "कोणी पिशवी काढा म्हटलं तर आधी विचारा, ओव्हरी ठेवणार का? न विचारता काढू देऊ नका." टाळ्या सगळ्यात जोरात मी वाजवल्या होत्या. दोन महिन्यांत तुझ्याच गेल्या. गाठ होती, काढाव्याच लागल्या, त्यात तुझा काय गं दोष? पण तुला स्वतःच्या भाषणातलं उदाहरण व्हायचं नव्हतं. त्या बायकांनी "मॅडमचंसुद्धा झालं" म्हटलेलं तुला सोसलं नसतं. गर्विष्ठ होतीस तू, मेधा. आता बोलतेच, फार गर्विष्ठ होतीस.

आपलं ते भांडण अर्धवटच राहिलं. लॅबमधून निघून शेअरच्या टेम्पोत बसलो की जयेंद्रगंजला तुझं घर येईपर्यंत चालायचं. इस्ट्रोजेन लिव्हरच्या पेशीशी थेट बोलतं, की चरबीमार्फत निरोप धाडतं? तू म्हणायचीस, थेट. मी म्हणायचे, "तुझ्या काचेच्या डिशमध्ये नुसत्या लिव्हरच्या पेशी. बाईच्या अंगात चरबी आहे, स्नायू आहेत, मेंदू आहे, सासू आहे. डिश काय सांगणार?" तू म्हणायचीस, "सासूचं सीरम मिळव, तेही घालून बघू. पण लक्षात ठेव शुभा, माणूस खोटं बोलेल, डिश नाही बोलत." समोर बसलेली म्हातारी आपल्याकडे टकमक बघायची.

डिश खोटं बोलत नाही. तुझेच शब्द. म्हणून तर सहा वर्षांपूर्वीचं ते काम मला पुन्हा पुन्हा आठवतं.

बारा बायकांचं रक्त घ्यायचं होतं. सहा जणींची पाळी चालू, सहा जणींची वयानं थांबलेली, बाराही जणी धडधाकट. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी उरतं, ते सीरम. प्रत्येकीच्या सीरममध्ये लिव्हरच्या पेशी एक दिवस ठेवायच्या, मग त्यांना इन्सुलिन द्यायचं आणि बघायचं, पेशी साखर सोडणं कमी करतात की नाही. मला नावं माहीत असू नयेत म्हणून नळ्यांवर फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा, ती यादी तुझ्या डायरीत. बरोबरच होतं ते. डिश भरणाऱ्याला नाव कळलं की हात पक्षपाती होतो, हेही तूच शिकवलेलं.

त्या सकाळी सगळ्या जणी बाकावर रांगेनं बसल्या होत्या, उपाशीपोटी, चहासाठी कुरकुरत. ऑफिसातली सुनीता सुईला घाबरून रडकुंडीला आली. तू म्हणालीस, "इतना क्या डरना?" तर ती फटकन म्हणाली, "तो मॅडम, पहले आप!" सगळ्या हसल्या आणि ओरडायला लागल्या, "पहले मॅडम, पहले मॅडम!" तू हात पुढे केलास. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, मॅडमनं गंमत म्हणून दिलं रक्त, टाकून देईल ती नळी. तुझी आपल्या बारा जणींत गणतीच नव्हती.

तू टाकली नाहीस. एक बाई ऐनवेळी आली नाही, तिच्या जागी तू स्वतःला बसवलंस. पाळी चालू असलेल्या, निरोगी बायकांत.

मी कामाला लागले. अकरा नंबर जसे यायचे तसे आले. सातव्या नंबरच्या पेशी मात्र ऐकेनात. इन्सुलिन दिलं तरी साखर सोडतच राहिल्या. मी आकडे घेऊन तुझ्या खोलीत आले. माझे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. म्हटलं, "मेधा, ही सात नंबरची बाई कोण? हिला बोलावून घे. हिला डायबिटीस असणार, नाहीतर हिच्या ओव्हरी काम करत नसणार. ही बाई आजारी आहे गं, आणि तिला माहीत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. पापणीसुद्धा लवली नाही तुझी. म्हणालीस, "बाई ठीक आहे. तुझा हात ठीक नाही."

मी परत केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. म्हटलं, "तीनदा एकच चूक कशी होईल?" तू म्हणालीस, "होते. चुकणारा हात दर वेळी तसाच चुकतो." आणि वहीत लिहिलंस, सात नंबर, तंत्राची चूक, वगळले. वही माझ्यापुढे सरकवलीस. मी खाली सही केली.

त्यानंतर पेशींचं काम तुझ्या नव्या विद्यार्थिनीकडे, प्राचीकडे गेलं. ती हुशार पोरगी आहे, तिच्यावर माझा राग नाही. माझ्याकडे काचेचं सामान धुऊन घेणं, केमिकल मागवणं, हजेरी. आणि गंमत बघ, त्यानंतर माझा हात खरंच कापायला लागला. घरी सुईत दोरा ओवता येईना. नवरा म्हणाला, डोळे तपासून घे. मी तपासले, चष्मा बदलला. सहा वर्षं मी पिपेटला हात लावला नाही. वीस वर्षांत एकच गोष्ट मला चांगली येत होती मेधा, आणि तीच तू माझ्यापासून काढून घेतलीस. दुसरं कोणी केलं असतं तर मी भांडले असते. तू केसानं गळा कापलास.

तुझा टेबलाचा खण मीच रिकामा केला, दिलीपरावांना जमेना म्हणून. डायरीत ती यादी होती. एक, दोन, तीन, सगळ्यांची नावं. सातपुढे नाव नव्हतं. नुसतं 'मी' लिहिलं होतं. आणि समोर तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात, उपाशीपोटी साखर नॉर्मल.

त्या एका अक्षराकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. तुला ती नळी टाकून देता आली असती. कोणाला काही कळलं नसतं. मग का ठेवलीस? मला वाटतं, तुला त्या पेशींच्या तोंडून ऐकायचं होतं की तू ठीक आहेस. झाशीच्या डॉक्टरवर तुझा विश्वास नव्हता, डिशवर होता. आणि डिशनं सांगितलं. माझ्या हातून सांगितलं, तीनदा. तेव्हा तू डिशला खोटं ठरवू शकली नाहीस, म्हणून मला ठरवलंस.

एवढा राग येतो ना, आणि मग मधेच ते आठवतं. सात वर्षांपूर्वी माझ्या गर्भाशयात गाठी निघाल्या तेव्हा तू माझ्याबरोबर आली होतीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सब निकाल देते हैं, झंझट खतम. मी मान डोलावली. तू खुर्ची मागे ढकलून उभी राहिलीस. "ओवरी क्यों? ओवरी में क्या खराबी है इनकी?" अर्धा तास भांडलीस. बाहेर लाइनीतल्या बायका दार ढकलून बघायला लागल्या. माझ्या ओव्हरी राहिल्या. आज पन्नाशीला माझी साखर अगदी व्यवस्थित आहे. ते फक्त तेवढ्यामुळेच असं नाही म्हणत मी, पण त्यात तुझा वाटा आहे. आणि तेव्हा तुझ्या स्वतःच्या जाऊन चार वर्षं झाली होती. परत येताना टेम्पोत मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि म्हटलं, तुला काय कळणार मला काय वाटतंय. तू माझ्या डोक्यावर थोपटत राहिलीस. बोलायचं होतंस ना गं तेव्हा. कोणी नव्हतं तिथे, नुसती मी होते.

तू मला खूप दिलंस, मेधा. मला पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पेशी दाखवून "बघ, जिवंत आहेत" म्हणणारी तू. मी टेक्निशियन म्हणून लोक मला चहा आणायला सांगायचे, तेव्हा "चहा मी आणते, ती काम करतेय" म्हणणारी तू. तीच तू. मला हे दोन्ही एका माणसात बसवता येत नाही. कदाचित येणारही नाही कधी.

रविवारी जुई आली, एकटीच. सकाळी दहाच्या सुमारास, न सांगता. मी पोहे करत होते. दारातच म्हणाली, "मावशी, आईला शुगर होती का? हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय. बाबा म्हणतात डॉक्टरनं चुकून लिहिलं."

चुकून लिहिलं. ऐकलंस? दिलीपराव तुझ्याकडूनच शिकले.

मी गॅस बंद केला. मला तुझी शपथ घातलेली नव्हती, पण नुसते जोडलेले हातही जड असतात. शिवाय तिचं लग्न. मुलाकडच्यांना कळलं तर काय, हेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण तिच्या हनुवटीवर पार्लरमधून आल्यावर राहते ती लाली होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. इंदूर, झाशी, बारा नळ्या. डायरीतलं पानही दाखवलं. तिनं त्या 'मी'वर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसली.

मला वाटलं, तुझ्यावर चिडेल. ती माझ्याकडे वळली. "तू तर रोज तिच्याबरोबर होतीस ना मावशी? रोज? तुला कळलं कसं नाही?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. नळ्यांवर नंबर होते, तुझी आई पक्की होती, तुझ्या बाबांनी साथ दिली. तीन आठवडे हीच तर घोकत होते मी. तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, "कळलं होतं गं. सात नंबरची बाई आजारी आहे, हे मला नक्की कळलं होतं. माझा हात चुकला नव्हता, हेही मला ठाऊक होतं. पण तुझ्या आईशी भांडण झालं असतं, ती माझ्याशी बोलली नसती. म्हणून मी सही केली."

जुईनं डायरी मिटून माझ्या हातात दिली. तू मला फसवलंस हे खरं आहे, मेधा, त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. पण फसवून घ्यायला मी पण बसलेच होते.

निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "मेरा भी टेस्ट करा दो मावशी. पण जो निकले, सच बताना." मी म्हटलं, पक्का. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं तिनं. काल रिपोर्ट आला. साखर हद्दीच्या काठावर आहे, पलीकडे गेलेली नाही. पुरुषी हार्मोन वाढलेलं आहे. मी फोन करून आकडे जसेच्या तसे वाचून दाखवले, एकही गोड करून सांगितला नाही. ती थोडा वेळ रडली. मी फोन धरून बसले. मग नाक ओढून तिनं विचारलं, "मावशी, आता काय करायचं?"

एवढंच विचारायचं होतंस गं तू मला. मी सांगितलं असतं.